‘लागला का?’ : तरुणांच्या शिक्षण-नोकरीवर संशोधन करणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
पुण्यातील विद्यापीठांचे समाजशास्त्र, अर्थशास्त्र आणि शिक्षणशास्त्र विभाग, संशोधन संस्थांचे संचालक, प्रकल्पप्रमुख आणि या कामाला निधी देणारे सर्व जण,

सप्रेम नमस्कार.

मी गेली अकरा वर्षं तुमच्यासाठी मुलाखती घेते. शिक्षण संपवून कामाला लागू पाहणाऱ्या मुलामुलींना गाठायचं, त्यांच्याशी तास-दीड तास बोलायचं, घरी येऊन रेकॉर्डिंग ऐकत ऐकत सगळं टाइप करायचं आणि फाइल तुमच्याकडे पाठवून द्यायची, हे माझं काम. तुमच्या अहवालांत माझ्यासारख्यांचा उल्लेख ‘फील्ड टीम’ असा येतो. नवी पेठेतल्या स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिका, औंधच्या आयटीआयचं फाटक, चाकणमध्ये एकेका खोलीत पाच-सहा जण राहतात त्या चाळी, वाघोलीतल्या मुलींच्या पीजी, या सगळ्या ठिकाणी मी तुमच्या वतीने जाऊन आले आहे. तिथे जे कळलं ते तुमच्यापुढे बसून सांगायची वेळ कधी आली नाही, कारण मुलाखती संपल्या की माझा करार संपतो आणि विश्लेषणाच्या बैठका त्यानंतर सुरू होतात. म्हणून हे पत्र.

सांगायचं ते असं. ही मुलं मराठीत बोलतात. त्यांचं बोलणं नीट समजून घेण्याआधीच आपण ते इंग्रजीत नेतो, आणि एकदा नेलं की पुन्हा त्यांच्याकडे फिरकत नाही. कॉलेज सुटल्यापासून हाताला धड काम लागेपर्यंतचा काळ या मुलांच्या बाबतीत चार-चार, सहा-सहा वर्षं चालतो. त्यातली दीड तासाची एक मुलाखत, तीही भाषांतरातून वाचलेली, एवढ्या भांडवलावर आपण त्यांच्या आयुष्याबद्दल लिहितो.

‘लागणे’ या क्रियापदापासूनच सुरुवात करते. कुठल्याही लग्नात, बारशाला, एसटी स्टँडवर भेटलेला नातेवाईक या वयाच्या मुलाला एकच प्रश्न विचारतो : ‘लागला का?’ मराठीत भूक लागते, ठेच लागते, निकाल लागतो, नंबर लागतो, तशी नोकरीही लागते. ती आपण करत नाही, ती आपल्याला येऊन लागते. मुलाखती उतरवताना माझ्या लक्षात आलं की पहिल्या नोकरीबद्दल बोलताना बहुतेक मुलं ‘मला लागली’ म्हणतात, आणि दुसऱ्या-तिसऱ्या नोकरीकडे आली की ‘मी सोडली’, ‘मी धरली’, ‘मी बोललो त्यांना पगाराचं’ असं बोलायला लागतात. मधल्या वर्ष-दोन वर्षांत वाक्यात ‘मी’ आलेला असतो. माझ्या मते शिक्षणाकडून कामाकडे जाणं म्हणजे काय, ते तिथे दिसतं. इंग्रजी फाइलमध्ये दोन्हीकडे ‘गॉट अ जॉब’ होतं आणि हा बदल पुसला जातो.

‘ओळख’ आणि ‘वशिला’ हे दोन शब्द घ्या. स्वतःबद्दल बोलताना मुलगा म्हणतो, ‘गावातले एक दादा तिथे सुपरवायझर होते, त्यांच्या ओळखीने लागलो.’ आवाजात उपकाराची जाणीव असते. दुसऱ्याबद्दल बोलताना तोच म्हणतो, ‘तो काय, वशिल्याने लागला.’ तिथे राग असतो, आपल्याला डावलल्याचा. कामाच्या जगात न्याय काय आणि अन्याय काय, याचा या मुलांचा स्वतःचा हिशोब या दोन शब्दांच्या मधल्या जागेत असतो. एका प्रकल्पात मी दोन्हींचं भाषांतर एकाच इंग्रजी शब्दाने झालेलं पाहिलं आणि दोन्ही उतारे एकाच कोडखाली, म्हणजे विषयासाठी लावायच्या एकाच खुणेखाली, गेले.

‘बसून आहे’ हे फक्त मुलग्यांबद्दल ऐकलं. पदवी घेऊन घरी असलेल्या मुलीबद्दल कोणी ‘बसून आहे’ म्हणत नाही, ‘घरीच असते’ म्हणतात. मुलगा बसला की ती घराची अडचण होते. मुलगी घरी असली की ती रीत होते. आपल्या तक्त्यात मात्र दोघंही एकाच रकान्यात असतात : शिक्षणात नाही, रोजगारात नाही, प्रशिक्षणात नाही. हा रकाना मुळात कशासाठी तयार झाला ते मला समजतं. पण अशाच एका मुलीला मी विचारलं होतं, ‘सध्या काय करतेस?’ तर ती म्हणाली, ‘काही नाही.’ आणि हे सांगताना ती आजीच्या औषधाच्या गोळ्या सकाळ-दुपार-रात्र अशा वेगळ्या करून डबीत भरत होती.

आता चाकणच्या एका मुलाबद्दल सांगते. मराठवाड्यातला, आयटीआय फिटर. मी खोलीवर पोचले तेव्हा तो रात्रपाळी करून आला होता, डोळे लाल होते, तरी त्याने शेजारून खुर्ची आणून दिली. भिंतीला ओळीने सहा खिळे होते. प्रत्येक खिळ्याला एक बॅग आणि ओळखपत्राची एक दोरी. त्याच्या खिळ्याला तीन दोऱ्या होत्या, तीन रंगांच्या. मी विचारलं तर म्हणाला, ‘ही पहिल्या कॉन्ट्रॅक्टरची, ही दुसऱ्याची, ही आत्ताची. कंपनी एकच आहे.’ गेट तेच, लाइन तीच, मशीनही तेच. मध्ये दोनदा ‘ब्रेक’. सात महिने भरत आले की घरी पाठवायचं आणि काही आठवड्यांनी दुसऱ्या कंत्राटदाराच्या नावावर परत घ्यायचं, याला तिकडे ब्रेक म्हणतात. औद्योगिक विवाद कायद्यात सलग सेवेचा हिशोब वर्षातल्या २४० दिवसांशी बांधलेला होता, त्यातून ही रीत रुळली. तो आकडा कामगारांना तोंडपाठ असतो. ‘दोनशे चाळीस होऊ देत नाहीत ताई,’ असं मला कायद्याचं पुस्तक कधीही न उघडलेल्या मुलांनी सांगितलं आहे.

आमच्या फॉर्मवर प्रश्न होता : आतापर्यंत किती नोकऱ्या केल्या? तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, ‘एक लिहा. नाहीतर तीन लिहा. तुम्हाला कसं पाहिजे?’

मी तीन लिहिलं. रकान्यात आकडाच हवा होता आणि मला पुढच्या मुलाखतीला आळंदी फाट्याला पोचायचं होतं. पुढे त्या प्रकल्पाच्या अहवालात, तरुण कामगारांचा वारंवार नोकऱ्या बदलण्याकडे कल दिसतो, अशा अर्थाचं वाक्य आलं. त्या वाक्यात माझे ते तीनही असणार. त्याने नोकरी बदललीच नव्हती. तो त्याच मशीनपाशी उभा राहण्यासाठी तीनदा भरती झाला होता. ही चूक माझी आहे हे मला मान्य आहे. पण ‘ब्रेक’ हा शब्द ऐकून थांबायला, त्याच्याभोवती दहा प्रश्न विचारायला मला सांगितलं असतं, तर ती घडली नसती.

त्याच खोलीतला दुसरा मुलगा अप्रेंटिस होता. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याप्रमाणे शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी, कामगार नव्हे. त्याच्या आईच्या लेखी तो ‘कंपनीत लागला’, गावात पेढे वाटून झाले. तो स्वतः म्हणत होता, ‘अजून कशात काही नाही.’ तीन ठिकाणी तीन उत्तरं, आणि तिन्ही खरी. संख्येच्या पाहणीला यातलं एक निवडावं लागतं, तो तिचा धर्मच आहे. गुणात्मक म्हणवणाऱ्या, म्हणजे मुलाखतींवर चालणाऱ्या संशोधनाने तिन्ही शेजारी शेजारी ठेवायला हवीत. राज्य सरकारने २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. बारावी झालेल्यांना महिना ६ हजार, आयटीआय-पदविकावाल्यांना ८ हजार, पदवीधरांना १० हजार विद्यावेतन, सुरुवातीला सहा महिन्यांसाठी. त्यात गेलेली मुलं ‘कामाला जातो’ म्हणतात, ‘कामाला आहे’ म्हणत नाहीत. एवढ्या एका क्रियापदावर एक प्रबंध होईल, असं मला मनापासून वाटतं.

आकड्यांशी माझं भांडण नाही. केंद्र सरकारची श्रमबल पाहणी २०१७-१८ पासून नियमित होते. तिच्या साप्ताहिक निकषाप्रमाणे, आधीच्या सात दिवसांत एका तरी दिवशी निदान तासभर काम केलेला माणूस रोजगारात धरला जातो. व्याख्या विचारपूर्वक केलेली आहे आणि देशादेशांची तुलना करायला ती लागते. पण नवी पेठेतला मुलगा लग्नसराईत शनिवार-रविवार मंगल कार्यालयात वाढपी म्हणून जातो, त्या पैशांत मेसचं बिल भागवतो, आणि विचारलं तर म्हणतो, ‘काम? नाही, तयारी करतोय.’ आकड्याने त्याला रोजगारात घातलं आहे हे त्याला ठाऊकही नसतं. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०१२ ते २०१५ दरम्यान अनेक देशांत शाळेतून कामाकडे जाण्याची पाहणी केली, तिच्यात तरुणांचे तीन गट होते : पोचलेले, वाटेत असलेले आणि न निघालेले. पोचलेला कोण हे ठरवताना स्थिर नोकरी तर बघितलीच, शिवाय अस्थायी कामावर किंवा स्वतःच्या धंद्यावर तो समाधानी आहे का हेही धरलं. हे मला फार आवडलं होतं. समाधानी आहेस का, हा प्रश्न चाकणच्या खोलीत विचारून बघा. उत्तर हो-नाहीत येत नाही. ‘घरचे समाधानी आहेत,’ असं येतं.

कॉलेजांच्या बाबतीत मात्र मला आकड्यांचीच काळजी वाटते. कॉलेजांना श्रेणी देणाऱ्या नॅकच्या मूल्यांकनात प्लेसमेंटची टक्केवारी लागते, एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या क्रमवारीसाठी किती विद्यार्थी नोकरीला लागले आणि त्यांचा मध्यक (बरोबर मधला) पगार किती, हे कळवावं लागतं. वाघोलीच्या पीजीत राहणारी एक संगणक अभियंता मला भेटली, नगर जिल्ह्यातली. तिच्याकडे प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये पदवी प्रमाणपत्राच्या पुढे एका कंपनीचं ऑफर लेटर लावलेलं होतं. घडी पडू नये म्हणून मागे पुठ्ठा घातलेला. कॉलेजच्या तक्त्यात ती ‘प्लेस्ड’ होती, प्रवेशद्वारावरच्या फ्लेक्सवर तिचा फोटो होता. ‘ऑफर आहे, जॉइनिंग नाही,’ ती म्हणाली. चौदा महिने झाले होते. कंपनीकडून दर वेळी ‘पुढच्या तिमाहीत’ अशी मेल यायची. चौदा महिने ती रोज आवरून, डबा घेऊन मैत्रिणींबरोबर बाहेर पडायची आणि एका अभ्यासिकेत जाऊन बसायची, कारण घरमालकीणबाईंना तिने नोकरी लागल्याचं सांगितलं होतं आणि पीजी फक्त नोकरीवाल्या मुलींसाठी होतं. दुसरी नोकरी शोधावी तर हातातली जाईल ही भीती. गावाकडे स्थळं येत होती आणि तिच्या वडिलांनी पाहुण्यांना सांगितलेला पगार ऑफर लेटरवरचा होता.

ती मुलाखत दोन तास वीस मिनिटं चालली. उतरवायला मला तीन दिवस लागले. इंग्रजी सारांशात तिच्या वाट्याला चार ओळी आल्या.

पुढचं मी जरा संकोचाने लिहिते आहे. दोन वर्षांनी तिचा फोन आला. माझा नंबर तिने जपून ठेवला होता. म्हणाली, ‘ताई, ते छापून आलं का? मला वाचायचं होतं.’ अहवाल आला होता, इंग्रजीत, दिल्लीच्या एका परिषदेत वाचूनही झाला होता. मराठीत एक पानसुद्धा नव्हतं. मी प्रकल्पाच्या कचेरीत विचारलं, तर सांगितलं की प्रकल्प बंद झाला आहे, आता त्यावर खर्च टाकता येणार नाही. मी तिला फोनवरच तिच्या चार ओळी मराठीत सांगितल्या. ती ऐकत राहिली आणि मग म्हणाली, ‘पण ताई, त्याच्यानंतरच तर सगळं झालं ना.’ नंतर काय झालं ते तिने मला सांगितलं. ते कुठल्याही अहवालात नाही आणि तिच्या परवानगीशिवाय मी इथेही लिहिणार नाही.

त्याच्यानंतरच सगळं झालं. आपण ज्याला बदलाचा काळ म्हणतो त्याच्या मध्यावर कुठेतरी आपण जातो, फोटो काढल्यासारखी एक मुलाखत घेतो आणि उरलेला काळ अंदाजाने भरतो. मुलाखतीत मागचं आठवायला सांगतो, पण माणूस मागचं आठवतो ते आज जिथे उभा आहे तिथून. लागलेला मुलगा बसून काढलेल्या दिवसांना ‘तेव्हा शिकलो बरंच’ म्हणतो. न लागलेला त्याच दिवसांना ‘वाया गेले’ म्हणतो. दोन वेळा, तीन वेळा गेल्याशिवाय यातलं खरं कळायचा मार्ग नाही.

आणि परत जाण्याची रीत पुण्याला नवी नाही. गोखले अर्थशास्त्र संस्था १९३० साली स्थापन झाली. धनंजयराव गाडगीळ संचालक असताना संस्थेने पुणे शहरातल्या कुटुंबांची सामाजिक-आर्थिक पाहणी केली, तिचा पहिला भाग १९४५ मध्ये आणि दुसरा १९५२ मध्ये छापला गेला. संस्था तिथे थांबली नाही. शहरातले रोजगार आणि मिळकती कशा बदलल्या हे बघायला तिच्या संशोधकांनी पुन्हा पाहणी केली, तिचा ग्रंथ १९५६ मध्ये आला. संगणक नव्हते, फोन नव्हते, आणि ही माणसं त्याच शहरात तेच प्रश्न घेऊन परत गेली. आज त्या संस्थेवरून जाताना मला हे आठवतं आणि वाटतं, आपल्याला मोबाईल असून जमत नाही? ऑक्सफर्डहून चालणारा ‘यंग लाइव्ह्ज’ अभ्यास २००१ पासून चार देशांतल्या सुमारे १२ हजार मुलांच्या मागे आहे. त्यात आपल्या देशातले आंध्र आणि तेलंगण आहेत. सर्वेक्षणाबरोबर त्यातल्या थोड्या मुलांच्या सविस्तर मुलाखती पुन्हा पुन्हा घेतल्या जातात. तेवढा पैसा आपल्याकडे नसेल. पण वीस मुलं, पाच वर्षं, वर्षातून एक भेट, याला किती लागतं? एका परिषदेच्या जेवणावळीहून कमी, हे मी खर्चाची बिलं लावलेली असल्यामुळे सांगू शकते.

कुणाला गाठायचं, याबद्दलही थोडं. तुम्ही ज्याला स्नोबॉल म्हणता, म्हणजे एकाने दुसऱ्याचं नाव द्यायचं, ती पद्धत इथे फार लवकर एकाच तालुक्यात आणि एकाच जातीत फिरायला लागते. अभ्यासिकेत कोण कुणाशेजारी बसतं, मेसचा डबा कोण वाटून घेतं, ते गावावरून ठरतं. पाचव्या मुलाखतीनंतर मला पुढचं नाव आधीच ओळखता यायचं. मुली त्या साखळीत क्वचित येतात, कारण मुलगा मुलीचा नंबर द्यायला कचरतो. वयाचंही तसंच. राष्ट्रीय युवा धोरण २०१४ प्रमाणे तरुण म्हणजे १५ ते २९, म्हणून आमची यादी २९ ला थांबते. राज्यसेवेची वयोमर्यादा खुल्या गटाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ आहे. तिशी ओलांडलेला माणूस आपल्या नमुन्यातून बाहेर पडतो, अभ्यासिकेतून नाही. त्याची खुर्ची तिथेच असते, खाली उशी बांधलेली, पाठीमागे टॉवेल.

या मोठ्या मुलांकडून मी एक गोष्ट शिकले. आपल्या फॉर्मवर सालं असतात, त्यांचं कॅलेंडर परीक्षांचं असतं. ‘कोविडमध्ये पुढे ढकलली ती’, असं एकाने सांगितलं. मार्च २०२१ मध्ये पूर्वपरीक्षा ऐनवेळी पुढे गेली आणि मुलं शास्त्री रस्त्यावर उतरली, तो दिवस त्याच्या मनात वडिलांच्या आजारपणाला, बहिणीच्या लग्नाला खूण म्हणून होता. ‘पॅटर्न बदलायच्या आधीचं,’ असं दुसरा म्हणाला. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक होणार हे ठरलं, तेव्हा त्याचं आयुष्य दोन भागांत पडलं. सालं विचारली की ही माणसं गोंधळतात आणि आपण टिपणात ‘स्मरण अस्पष्ट’ लिहितो. परीक्षा विचारल्या की दिवससुद्धा सांगतात.

आणि वारांचं. मुलाखती रविवारी ठेवा, असं मला दर वेळी सांगितलं जातं. भोसरीच्या एमआयडीसीत सुट्टी गुरुवारची असते. रविवारी मी गेले की मुलगा शिफ्टवरून उतरून, अंघोळही न करता समोर बसलेला असतो आणि त्याची उत्तरं ‘हो’, ‘नाही’, ‘ठीक आहे’ एवढीच येतात. मग विश्लेषणात लिहिलं जातं की तरुण कामगार स्वतःबद्दल फारसं बोलत नाहीत. गुरुवारी दुपारी, जेवण झाल्यावर, कपडे वाळत घालताना त्याच मुलाला भेटा. दोन तास बोलतो.

आता मागणं. मुलाखतीची मूळ मराठी प्रत हीच मूळ प्रत माना आणि कोडिंग तिच्यावर करा. इंग्रजी लेखासाठी जेवढे उतारे लागतील तेवढ्यांचंच भाषांतर करा आणि ‘लागणे’, ‘ब्रेक’, ‘तयारी’ असे शब्द तसेच ठेवून त्यांचा अर्थ सांगा. मूळ मुलाखत घेणाऱ्याला विश्लेषणाच्या बैठकीत बसवा, निदान पहिल्या चार बैठकांना. कुठे मुलगा हसून बोलला आणि कुठे त्याने पंख्याकडे बघितलं, ते टाइप केलेल्या कागदावर येत नाही, ते आम्हाला आठवतं. प्रस्तावाच्या अंदाजपत्रकातच पुन्हा भेटीचा खर्च धरा, आणि संमतीपत्रावर पहिल्याच दिवशी विचारा : वर्षाने पुन्हा फोन केला तर चालेल का? प्रकल्प संपल्यावर संपर्काची यादी नष्ट करण्याचा नियम मुलांच्या भल्यासाठीच आहे, तो मोडावा असं मी म्हणत नाही. आधी विचारलेलं असलं तर तो मोडावाही लागत नाही.

अहवालाचं मराठी रूप, दहा पानांचं का होईना, ज्यांनी वेळ दिला त्यांच्या हातात पडू द्या. आणि उतारे छापताना जपा. ‘चाकणजवळच्या अमुक कंपनीतला, तमुक तालुक्यातला फिटर’ एवढं लिहिलं की नाव बदलून उपयोग नसतो, लाइनवरचे सगळे ओळखतात. कंत्राटावरच्या मुलाला पुढच्या ब्रेकनंतर परत न बोलावणं फार सोपं असतं.

अनुसूचित जातींसाठीची बार्टी, मराठा-कुणबी समाजासाठीची सारथी आणि आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था, तिन्ही पुण्यात आहेत. तिन्हींच्या नावातच संशोधन आणि प्रशिक्षण आहे, आणि ज्या घरांतली मुलं मला अभ्यासिकांत आणि चाळींत भेटतात त्याच घरांसाठी या संस्था काम करतात. वर्षानुवर्षं पाठपुरावा करणारा, मराठीत विचार करणारा असा अभ्यास एकत्र उभा करायला यांच्याहून योग्य जागा मला दिसत नाही. त्यांच्या अधिछात्रवृत्तीवर संशोधन करणारे तरुण स्वतः याच वाटेवर आहेत. त्यांना मुलाखतकार म्हणून नव्हे, लेखक म्हणून घ्या.

माझ्याबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती या विषयाच्या बाहेरची नाही. अकरा वर्षांत माझे नऊ करार झाले. सगळ्यात मोठा अकरा महिन्यांचा. दोन करारांच्या मध्ये मी शिकवण्या घेते. चाकणच्या त्या मुलाने खिळ्यावरच्या दोऱ्या दाखवल्या तेव्हा माझ्या पर्समध्येही मागच्या प्रकल्पाचं ओळखपत्र होतं. मी ते त्याला काढून दाखवलं. त्यानंतर त्याने ब्रेकच्या आठवड्यांबद्दल जे सांगितलं, गावी जायला तोंड नसतं म्हणून तो ते दिवस पुण्यातच एका मित्राच्या खोलीवर कसे काढतो ते, मला नाही वाटत एरवी सांगितलं असतं. मुलाखत घेणाऱ्यांची नोकरी टिकली तर मुलाखतीही टिकतील, हे तुमच्या पद्धतीशास्त्राच्या प्रकरणात यायला हवं.

तो मुलगा आता भोसरीत आहे. चौथी दोरी आली आहे, या वेळी कंपनीच्या नावाची, असं त्याने कळवलं. पुन्हा बोलायला तो तयार आहे, मी विचारलं आहे. पहिल्या मुलाखतीची मराठी प्रत तुमच्यापैकी एकांच्या कपाटात आहे, ती मला वाचायला मिळावी आणि दुसरी घ्यायची परवानगी मिळावी, अशी विनंती. जायचा खर्च मी करीन. त्याला गुरुवारी सुट्टी असते.

आपली विश्वासू,
मुलाखती घेणारी एक संशोधन साहाय्यक
पुणे